माळावरच्या महाराजांचा पंचनामा

आमच्या दाजींचा पंचनाम्याशिवाय कशावरही विश्वास नाही. ते तलाठी होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण लातूरच्या घरात मांजरानं दूध सांडलं तरी चष्मा लावून खाली बसतात आणि लिहितात, "सदर दूध अंदाजे पाव लिटर, ओघळ पूर्वेकडे." खाली दोन पंचांच्या सह्या. एक पंच शेजारचे किराणावाले शिवलिंगअप्पा, दुसरा जो सापडेल तो. मी नांदेडहून बहिणीकडं, म्हणजे अक्काकडं, गेलो की दुसरा मी. चहाच्या आधी सही.

"समक्ष बघितलं का?" हा त्यांचा सगळ्या जगाला एकच प्रश्न.

असा माणूस गेल्या वर्षी औशाकडच्या माळावर पत्र्याच्या शेडात बसणाऱ्या एका महाराजांच्या नादी लागला, आणि तोही सरकारी पद्धतीनं. महाराजांचं नाव-गाव कुणाला ठाऊक नाही, वय चाळीस की सत्तर कळत नाही, तोंडातून शब्द नाही. दाजींचा कयास असा, की हा माणूसच नव्हे.

"मग कोण?" मी विचारलं.

"चौकशी चालू हाय. भूत म्हणावं तर सावली पडती, मी टेपनं मोजली. गंधर्व म्हणावं तर गात न्हाईत. मला वाटतं, यक्ष."

दाजींनी महाराजांवर उघडलेल्या फाइलीत पुरावे होते. महाराजांची पापणी बारा मिनिटं लवली नाही. मुंग्या त्यांच्या पायाला वळसा घालून जातात. ताट भरून आत जातं, रिकामं बाहेर येतं, पण जेवताना कुणी पाहिलेलं नाही.

"एखादा चेला जेवत असेल," मी म्हणालो.

"समक्ष बघितलं का?"

नव्हतं बघितलं. मग मला चेव आला. चेहरा गंभीर ठेवून मी म्हणालो, "दाजी, गेल्या सोमवारी सकाळी दहाला मी महाराजांना मुखेडच्या बाजारात पेरू घेताना बघितलं."

दाजींचं पेन थांबलं. सोमवारी दहाला ते स्वतः माळावर महाराजांच्या पुढ्यात बसलेले होते. एक देह, दोन तालुके. त्यांनी कफनीचा रंग विचारला, पेरू पाडाचे होते की कच्चे ते विचारलं. मी सगळं पुरवलं आणि झोकात सही ठोकली. त्या दिवशी अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, हे आत्ता लिहिताना आठवतंय. मीही आत डोकावलो नाही. पंच कामात होते.

नांदेडला आल्यावर हा किस्सा मी तीन लग्नांत आणि एका बारशात सांगितला, दाजींचा आवाज काढून. लोक जेवता जेवता ठसकले. मधल्या काळात अक्काला फोन केला की दाजीच उचलायचे. "पूजेला बसली हाय." दोन महिने अक्का पूजेलाच बसलेली, आणि तिच्या सख्ख्या भावाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मागच्या आठवड्यात कामासाठी लातूरला गेलो. दार अक्कानं उघडलं.

"कोण पाहिजे?"

चेष्टा करतेय असं वाटून मी हसलो. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि बाजूला झाली. "आत या. हे घरातच हायेत."

मला लहानपणी कडेवर घेऊन फिरलेली बहीण माझ्यासमोर पदर घेत होती.

दाजींनी मला आतल्या खोलीत बसवलं, दार लोटलं. "वर्ष झालं. आधी तिच्या ध्यानातनं तारखा गेल्या, मग माणसं. तीन डॉक्टर झाले. तिघं म्हणाले, गेलेलं परत येत न्हाई, गोळ्या चालू ठेवा. चालू हायेत." थोडा वेळ ते फाइलीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "पण ते तिघंबी माणसंच ना, सुधाकर. म्हणून माणूस नसलेलं कुणी भेटतंय का, बघायलोय."



"दाजी, मुखेडचं खोटं होतं. पेरूसुद्धा."

"माहीत हाय. माणूस खोटं लिहून देताना सही लई सुबक काढतो. उभ्या नोकरीत तेच बघितलं."

"मग फाडून टाका ना तो कागद."

"राहू दे." त्यांनी फाइल बांधली. "बाकी सगळं मीच बघितलेलं, मीच लिहिलेलं. अप्पा तर न वाचताच सही करतो. दुसऱ्या कुणी बघितलं म्हणून लिहून दिलेला तेवढा एकच कागद हाय माझ्याकडं."

तीन लग्नांत आणि एका बारशात मी त्याच कागदावर लोकांना हसवून आलो होतो.

अक्का पोह्यांची बशी घेऊन आली. दाजींनी सांगितलं, "नांदेडचे पाहुणे हायेत. बहिणीला भेटायला आलेत."

तिनं बशी माझ्या हातात दिली आणि आपल्या भागातली बाई कुठल्याही पाहुण्याला विचारते तसं विचारलं, "कुठं दिली बहीण?"

"इथंच. लातूरला."

"बरं हाय ना तिचं?"

दाजी खिडकीतून बाहेर बघत होते.

"हाव," मी म्हणालो. "नवरा लई चांगला मिळाला तिला."