भांड्यातला जीव

ॲल्युमिनियमचे झाकण खिडकीच्या गजांवर आपटले की जो आवाज निघतो, त्याला नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही. खणखण म्हणावी तर ती नाण्यांची, घणघण म्हणावी तर ती घंटेची. हा आवाज बोथट, बेसूर आणि निर्लज्ज होता. लातूरमध्ये राहायला आल्यापासून तो मला रोज पहाटे समोरच्या खिडकीतून ऐकू येई. त्याच्यामागून ओल्या मातीचा आणि स्पिरिटचा मिसळलेला वास येई, आणि त्यामागून नजमाआपांची आरोळी: "हाड्! माकडं आली, माकडं!"

आमच्या गल्लीत माकडे नव्हती. शिकवणीवर्गांचे फलक होते, खाणावळी होत्या, कोवळ्या उन्हात सूत्रे पुटपुटत चालणारी मुले होती. मी पुण्याहून मराठी शिकवायला आलेली. अर्धवट झोपेत खिडकी उघडून मी ओरडे, "अहो, काय हा छळ!" याहून कडक शिवी मला येत नव्हती, आणि ही देखील व्याकरणशुद्ध होती. ती ऐकली की आपा अत्यंत समाधानाने झाकण खाली ठेवत.

ते झाकण एका गाडग्याचे होते. ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलेल्या त्या गाडग्यात आपांच्या इन्सुलिनच्या बाटल्या असत. मधुमेह त्यांना लहानपणापासूनचा. "कंधारच्या किल्ल्याखालोखाल जुनी चीज म्हणजे माझी शुगर," असे त्या पाहुण्यांना सांगत. फ्रिज का घेत नाही, असे विचारले तर म्हणत, "फ्रिजला लाईट लागती. गाडग्याला तांब्याभर पाणी. लोकांचा जीव कधीमधी भांड्यात पडतो, शायरबाई. माझा मुक्कामच तिथं हाय."

'शायरबाई' म्हणजे मी. ही पदवी मिळाली ती एका फजितीतून. लातूरमध्ये मी कोणालाही काहीही विचारले तरी उत्तर येई, 'हाव'. वर्गाला विचारले, कळले का? हाव. रिक्षावाल्याला विचारले, येता का? हाव. याचा अर्थ 'हो' आहे हे मला कळत होते. पण कळलेल्या अर्थावर समाधान मानील तो कवी कसला! मी 'हाव' नावाची दीर्घ कविता लिहिली. श्वासाश्वासाला आपल्या लोभाची कबुली देणारे एक शहर, अशी ती थोर कल्पना. कविसंमेलनात शेवटची ओळ मी कंप पावणाऱ्या आवाजात म्हटली, "सांग शहरा, ऐकू येते ना तुला?" आणि अख्खे सभागृह मनापासून म्हणाले, "हाव!"

पहिल्या रांगेतली एक बाई हसता हसता खुर्चीवरून घसरली. ती समोरच्या खिडकीतली झाकणवाली होती. नंतर डोळे पुसत माझ्याकडे आली नि म्हणाली, "शायरबाई, हाव म्हणजे हो. त्याच्यात लई खोल उतरू नको. पाणी न्हाई तिथं."

गंमत अशी, की खुद्द आपांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नाही. चहा टाकू? "कशाला?" पिशवी धरू? "कशाला?" डॉक्टरांनी बजावले होते की झोपेत साखर उतरली तर उठवायला घरात कोणीतरी हवे, एकटे राहू नका. मी म्हटले, मी येते तुमच्या सोबतीला. "कशाला? तू झोपेत यमकं जुळवशील."

आपा लेखिका होत्या. 'साखरपेरणी' नावाचे त्यांचे सदर स्थानिक वर्तमानपत्रात येई आणि त्यात त्या स्वतःचीच यथेच्छ टवाळी करत. 'माझ्या अंगात निलंग्याचा उसाचा फड आहे, फक्त तोडणी रोजची,' अशी त्यांची वाक्ये. माझ्या कवितांत विशेषणांची दाटी, तर त्यांच्या लेखांत विशेषण औषधालाही नाही. मला ती शैलीची गरिबी वाटे. माझे वाचक मात्र अजूनही मोजकेच होते आणि त्यांचे सदर किराणा दुकानदार पुडी न बांधता बाजूला काढून ठेवत.

भूकंपानंतर त्या नांदेडहून मदतीच्या ट्रकमधून इकडे आल्या होत्या. सगळे घोंगड्या आणि भांडी वाटत असताना आपा ढिगाऱ्यांमधून एकच प्रश्न विचारत हिंडल्या, "रोजची दवा कोणाची बुडाली?" दम्याची, फिटची, काळजाची. घरांबरोबर दगडांखाली गोळ्याही गेल्या होत्या. आणि ज्यांची माणसे गेली, त्यांना गोळी मागायची लाज वाटत होती. आपांना हे उमगले, कारण येताना त्यांची स्वतःची बाटली फुटली होती आणि त्याही ते कोणाला सांगू शकल्या नव्हत्या. तेव्हापासून अशा लोकांसाठी औषधे गोळा करणे हेच त्यांचे काम झाले. कोणी त्याला सेवा म्हटले की त्या उसळत. "कशाची सेवा? परतीचा ट्रक चुकला माझा!"

पुढे शिकवणीवर्गांचे पीक आले, आणि वसतिगृहांत सुया पेटीत दडवणारी मुले आपांना भेटू लागली. आजार कळला तर घरी पाठवतील, ही त्यांची धास्ती. मग आपा वर्गावर्गात जाऊ लागल्या. फिजिक्स आणि बायोलॉजीच्या मधल्या फटीत उभ्या राहून, बाही सरकवून सर्वांसमोर सुई टोचत. याला त्यांचा शब्द 'तिकीट फाडणे'. "तुमच्यात माझ्यासारखं कोणतरी हाय. त्यानं हात वर करू नये, नुसतं ऐकावं. आधी ताट, मग तिकीट. ताट समोर आल्याबिगर तिकीट फाडायचं न्हाई, न्हाईतर साखर उतरून माणूस आडवा." जाताना दाराशी वाळूसकट दोन-चार गाडगी ठेवून येत. दुसऱ्या दिवशी ती तिथे नसत.

हा ताट-तिकिटाचा नियम मोडला तो स्वतः आपांनीच. नांदेडच्या एका वर्गात भाषण आटोपून आम्ही दोघी एसटीने परतत होतो. जेवण अहमदपूरला ठरले होते. गाव जवळ आलेसे वाटून आपांनी गाडीतच तिकीट फाडले. "आलंच की ताट!" आणि त्याच क्षणी गाडीने एक दीर्घ सुस्कारा सोडून मान टाकली.

ड्रायव्हर इंजिनात डोके घालून बसला. तापलेल्या रेक्झिनचा आणि डिझेलचा वास दाटून आला. वेळ सत्कारणी लावावा म्हणून मी आपांना माझी नवी कविता वाचून दाखवू लागले. तीत उन्हाला दात होते.

"बंद कर," आपा खेकसल्या. "उन्हाला दात न्हाईत. खिडकीला हायेत. माकडं मोज."

मी थरारले. काय ही प्रतिमा! मी घाईने पेन काढून ती ओळ टिपू लागले, तोच कागदावर घामाचा थेंब पडला. तो आपांचा होता. मी त्यांचा हात धरला. त्या भट्टीत तो बर्फासारखा गार होता. तेव्हा कुठे माझ्या सुप्रसिद्ध संवेदनशीलतेला जाग आली.

मी पर्स उलटी केली. लिमलेटच्या गोळ्यांचे नुसते कागद निघाले. गोळ्या आपांनी पुढच्या बाकावरच्या रडक्या पोरीला भरवल्या होत्या. "साखर! साखर आहे का कोणाकडे?" मी ओरडले. मागच्या बाकावरून एक म्हातारी उठली. माहूरहून निलंग्याला घरी चालली होती. तिने पदराची गाठ सोडली. "घे माय, देवीचं हाय. चाव."

साखरफुटाणे होते. आपांनी ओठ घट्ट मिटले. "कशाला?" मी बोटाने ते आत ढकलले, त्या कडकडून चावल्या. मी पुन्हा ढकलले. त्या पुन्हा चावल्या. गाठ रिकामी होत आली तशी त्यांची नजर हळूहळू ठिकाणावर आली.

"मावशी, कुठली गं तू?"

"निलंग्याची."

"मग घरचीच साखर," आपा म्हणाल्या आणि डोळे मिटून टेकल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मी काय बरळले?"

"माकडं मोजायला सांगितलीत."

त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "माकडं न्हाईत गल्लीत."

"ठाऊक आहे."

"रोज निजताना वाटतं, सकाळी उठते का न्हाई. आणि उठले तरी कोणाला सांगू? म्हणून वाजवते झाकण. मग समोरून तू म्हणतीस, काय हा छळ. तवा कळतं, आज हाय मी. कोणाला तरी ऐकू येऊन राहिले." त्या किंचित हसल्या. "लई गोड शिवी हाय तुझी. ती ऐकली की जीव भांड्यात पडतो."

काही सुंदर बोलावे असे मनात आले. पण आयुष्यभर जमवलेल्या उपमांपैकी एकही हाताशी नव्हती. हाताशी होते ते फक्त एक सुजलेले बोट.

"आपा," मी म्हटले, "उद्यापासून माकडं हाकायला मी तुमच्याकडेच राहायला येऊ?"

मी 'कशाला'ची वाट पाहत होते. त्यांनी माझे चावलेले बोट दोन्ही हातांत घेतले, पदराने पुसले, आणि मान वर न करता म्हणाल्या,

"हाव."