एक प्यादं दोन घरं पुढे सरकवण्याबाबत

माझे धाकटे दीर नोंदणी कार्यालयात दाखल्यांच्या खिडकीवर बसत. सत्तावीस वर्षं तीच खिडकी, तेच स्टूल. आणि जेवणाच्या सुट्टीत बुद्धिबळ. अकरा वर्षं त्यांना त्या कार्यालयात कोणी हरवलं नव्हतं. एकदा त्यांनी डबा खाता खाता तिघांना एकदम हरवलं. त्यातला एकजण अजूनही घरच्या आरशापुढे उभा राहून "माझा वजीर कुठे गेला?" असं विचारतो म्हणे. मी पाहिलेलं नाही, पण माझा विश्वास आहे.

तर अशा त्या कार्यालयात संगणक आला. साधासुधा नाही, विचार करणारा. इतकी वर्षं विचार न करता काम नीट चाललं होतं, त्यामुळे याचं काय करायचं ते कोणालाच कळेना. नवे मोठे साहेब नुकतेच कसल्याशा प्रशिक्षणाहून आले होते. त्यांनी परिपत्रक काढलं: 'मानव विरुद्ध संगणक असा बुद्धिबळाचा सामना घेण्यात येईल. जो हरेल त्याचं पद रद्द समजावं.' म्हणजे संगणक हरला तर खोक्यात परत, आणि भावजी हरले तर घरी.

"घरी म्हणजे यांनाही खोक्यातच की," माझी धाकटी जाऊ म्हणाली. त्यांचं घर दोन खोल्यांचं. "दिवसभर हे इथे बसणार, मग मी बसू कुठे? ताई, तुम्हीच सांगा यांना, नीट खेळा म्हणावं."

"अगं, ते यंत्र एका क्षणात लाख चाली बघतं," भावजी म्हणाले. "पण त्याने आमचं ऑफिस बघितलेलं नाही."

हे त्यांनी गमतीत म्हटलं होतं.

सामन्याच्या दिवशी सभागृह भरलं. टेबलावर पट, एका बाजूला भावजी, दुसऱ्या बाजूला पडदा. पडद्यावर चाल उमटली की टायपिस्ट बाईंनी त्याची सोंगटी हलवायची, असं ठरलं. भावजींनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. पापणी लवायच्या आत पडद्यावर उत्तर आलं. टाळ्या पडणार, तेवढ्यात हेडक्लार्क उठले. त्यांना सगळे नियमकाका म्हणत. बायकोने चहात साखर कमी घातली तर ते लेखी खुलासा मागत.

"थांबा! हे प्यादं कोणाच्या परवानगीने हललं?"

"माझ्याच," भावजी म्हणाले.

"तुम्ही कोण? कार्यालयाच्या टेबलावरची वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायला वरिष्ठांची मंजुरी लागते. मला माझी खुर्ची पंख्याखाली सरकवायला चार महिने लागले. प्याद्याचं काय एवढं?"

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब नवे. आपल्याला नियम माहीत नाही असं नव्या साहेबाने दाखवायचं नसतं. त्यांनी मान डोलावली. प्यादं मागे गेलं.

भावजींनी अर्ज लिहिला. विषय: एक प्यादं दोन घरं पुढे सरकवण्याबाबत. तीन प्रती. अर्ज पाच टेबलं फिरला आणि एकोणिसाव्या दिवशी परत आला. शेरा होता, 'एक घर मंजूर. दुसऱ्या घराची निकड स्पष्ट करावी.'

संगणकालाही तोच नियम. त्याला सही करता येईना, म्हणून त्याच्या वतीने सही करायला टायपिस्ट बाईंची नेमणूक झाली. त्या रजेवर गेल्या की संगणकही रजेवर.

मग भावजींनी घोडा काढला. वरून हरकत आली: 'घोडा प्याद्यांच्या डोक्यावरून उडी मारून पुढे जात आहे. यात सेवाज्येष्ठता डावलली जाते.' प्याद्यांची ज्येष्ठता यादी करायला दोन कारकून बसवले. सगळी प्यादी एकाच दिवशी रुजू झालेली, त्यामुळे यादीला दोन महिने लागले. त्यानंतर उंट. उंट तिरका चालतो हे साहेबांच्या लक्षात आल्यावर 'तिरकं चालणं शिस्तीला धरून नाही, समज द्यावी' असा शेरा पडला. उंटाची ही खोड जन्मापासूनची आहे, असा खुलासा भावजींनी दिला. तर वैद्यकीय दाखला मागितला.

सातव्या महिन्यात भावजींनी संगणकाचं एक प्यादं मारलं.

सेवेत असताना मृत्यू! दोन मिनिटं सगळे उभे राहिले. चौकशी झाली, भावजींची चूक नाही असं निघालं, पण मागे राहिलेल्यांकडे बघायला नको का? अनुकंपा तत्त्वावर त्याच कुटुंबातलं एक प्यादं दुसऱ्या पटावरून आणलं आणि गेलेल्याच्या जागेवर उभं केलं.

त्या दिवशी भावजी आमच्याकडे आले ते चपला न काढताच खुर्चीत बसले.

"वहिनी, मारलं तरी जागा रिकामी होत नाही हो! जिंकू कसा?"

"पण तुम्ही पुढे आहात ना?"

"पटावर पुढे आहे. फाइलीत मी अजून तिसऱ्या चालीवर आहे."

"मग ते यंत्र काय करतं इतके दिवस?"

"काय करणार? उत्तर एका क्षणात तयार, आणि नंतर महिनाभर मंजुरीची वाट बघत बसून. सगळ्या फायली त्याच्यातच भरल्यात, त्या वाचत बसतं. बघून बघून शिकायची खोड आहे म्हणे त्याला."

आम्ही दोघं यावर हसलो. तेव्हा हसायला नको होतं.

अकरावा महिना उजाडला. भावजींची आठवी चाल मंजूर होऊन आली, आणि ती अशी होती की पुढच्या दोन चालींत संगणकावर मात. जाणकार म्हणाले, सुटका नाही. त्या दिवशी धाकटी आणि मी मुद्दाम बघायला गेलो. लोकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसलो. धाकटीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी वाकली.

भावजींनी वजीर सरकवला. सगळे पडद्याकडे बघू लागले. एरवी पापणी लवायच्या आत उत्तर देणारं यंत्र गप्प. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग अक्षरं उमटली: 'प्रकरण विचाराधीन आहे.'

नियमकाकांनी चष्मा काढून डोळे पुसले. "रुळला," ते म्हणाले. "रुळला बरं का पोरगा!"

भावजींनी तिथल्या तिथे स्मरणपत्र दिलं. उत्तर आलं, 'आपल्या पत्राचा संदर्भ जुळत नाही.' दुसरं स्मरणपत्र दिलं. 'संबंधित जेवायला गेले आहेत.' यंत्राच्या आत संबंधित कोण, असं एकानेही विचारलं नाही. सगळ्यांना ते उत्तर ओळखीचं वाटलं. तिसऱ्या स्मरणपत्राला उत्तर आलं, 'घोड्याची मूळ प्रत जोडावी.'

"सोडून द्या हो," धाकटी बाकावरून कुजबुजली. "तोंड उघडू नका."

पण अकरा वर्षं न हरलेला माणूस तो. भावजी उठले आणि त्यांनी टेबलावर हात आपटला. "अरे, खेळ की लेका! दोन चाली राहिल्यात! हर नाहीतर जिंक, पण हल ना जागचा!"

पट उडाला. घोडा साहेबांच्या चहात पडला.

सामन्यावर नेमलेल्या समितीने त्याच दुपारी निकाल दिला. त्या कार्यालयात त्याच दिवशी झालेलं हे पहिलं काम. 'मानवी स्पर्धकाचा तोल गेला. संगणकाने अखेरपर्यंत संयम राखला व कोणताही निर्णय घेतला नाही. सबब संगणक विजयी.'

भावजींचं पद रद्द झालं. दाखल्यांच्या खिडकीवर संगणक बसला. स्टूल काढून टाकलं, कारण त्याला लागत नाही.

तीन आठवड्यांनी भावजींना कार्यमुक्त झाल्याचा दाखला हवा होता. तो मिळतो त्याच खिडकीवर. एकटे जायला त्यांना लाज वाटत होती, म्हणून मी सोबत गेले. पुढे चाळीस माणसं होती. काचेमागे पडदा, पडद्यावर एक गोल फिरतोय.

"कधीपासून उभे आहात?" मी पुढच्याला विचारलं.

"सकाळपासून, आजी. पण काम चालू आहे. ते बघा ना, फिरतंय."

"काही चालू नाही," भावजी म्हणाले. "नुसतं फिरतंय. मी ओळखतो त्याला."

"काका, तुम्हाला त्यातलं काय कळतं?" तो वळून म्हणाला. "जरा धीर धरा. ही माणसं नाहीत, मशीन आहे."

असं म्हणणारे तुम्हीच होतात. वाचता वाचता उगाच इकडे तिकडे बघू नका. भावजी पेनात शाई भरायला थांबले तरी काचेवर किल्ली वाजवणारे, सत्तावीस वर्षांत त्यांच्याविरुद्ध एकतीस तक्रारी लिहिणारेही तुम्हीच. त्या दिवशी मात्र हाताची घडी घालून किती शहाण्यासारखे उभे होतात! दुपारी गोल थांबला, पुढचे सगळे भराभर परत वळले, आणि तुमच्या पाळीला पडद्यावर आलं: 'उद्या या.' तुम्ही मान लववून 'थँक्यू' म्हणालात. मग त्याने विचारलं, सेवा कशी वाटली? तुम्ही पाचपैकी पाच चांदण्या दाबल्यात, त्याही एकेक करून, जपून.

आणि रिकाम्या हाताने परत वळताना भावजींचा पाय चुकून तुमच्या बुटावर पडला. तेव्हा त्यांना तुम्ही जे बोललात ते मी इथे लिहीत नाही. हे माझी नातवंडंही वाचतात.