खांदा प्रतिष्ठान

दत्तोबांच्या लेकीच्या लेकीचं, भाग्यश्रीचं, लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, हडपसरच्या बोरमळ्यात माणसांच्या मरण्याला शिस्त लावायचं ठरलं.

तोवर बोरमळ्यात माणसं बेशिस्त मरत. कुणी पहाटे जाई, कुणी ऐन जेवणाच्या वेळी. बोरमळा पूर्वी गाव होतं, आता महापालिकेत आहे. शेतांच्या इमारती झाल्या, पण गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्याच राहिल्या आणि त्यांत दोन्ही बाजूंनी मोटारी उभ्या राहिल्या. शववाहिका नाक्यावरच थांबते. तिथवर माणसाला माणसाच्याच खांद्यावरून जावं लागतं. निरोप आला की दत्तोबा कोयता घेत, चपला सरकवत आणि निघत. वाटेत आणखी पाचसहा जण मिळत. बांबू आणायचे, तिरडी बांधायची, उचलायची, पोचवायची, घरी येऊन अंघोळ करायची. या मंडळींना नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता, शिक्का नव्हता. चाळीस वर्षं काम अडलं नाही, ही गोष्ट पुढे तज्ज्ञांना फार संशयास्पद वाटली.

दत्तोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. गुडघे बोलायला लागले होते. त्यांना एकच घोर होता. तिरडीला ते जी गाठ मारत, ती ओझं आलं की आवळायची आणि सरणावर एका हिसक्यात सुटायची. ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती. कुणी शिकायला बसत नव्हतं.

"चार पोरं पायजेत," ते बायकोला, प्रेमलाबाईंना, म्हणायचे. "एका उंचीची. न्हाय तर तिरडी कलती."

"पोरं हायेत की गावात ढिगानं."

"हायेत. पण त्यांचे खांदे जिममधी असत्यात."

म्हणून पुतण्या रविराज घरी आला आणि त्यानं विचारलं, "काका, तुमच्यानंतर कोण?" तेव्हा दत्तोबांचे डोळेच भरून आले. हा प्रश्न विचारणारा पहिलाच माणूस भेटला होता.

रविराज खराडीच्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागाचा मोठा साहेब. तो म्हणाला, "हे सगळं पर्सन-डिपेंडंट आहे, काका. सिस्टिम बसवायला पाहिजे. चेंज मॅनेज करायला पाहिजे."

"चार पोरं दिलीस तरी बास हाय," दत्तोबा म्हणाले.

"चार का? आपण ऐंशी घेऊ."

पुढच्या रविवारी मारुतीच्या देवळामागच्या सभामंडपात सदाशिव पेठेतून सलिल सर आले. संस्थांमध्ये बदल घडवून आणणं हा त्यांचा व्यवसाय होता. त्यांनी आधी पंखा मंद करायला सांगितला, मग चहाला नाही म्हणाले, मग दत्तोबांकडे वळले.

"आपलं व्हिजन काय?"

"एका डोळ्यात मोतीबिंदू हाय," दत्तोबा म्हणाले. "पण गाठ हाताला कळती."

"तसं नव्हे. पाच वर्षांनी आपली संस्था कुठे असेल?"

"मसणात."

सलिल सरांनी वहीत लिहिलं : ध्येयाबाबत स्पष्टता आहे.

मागे दत्तोबांचा जोडीदार मच्छिंद्र बसला होता. तो मंडईत कांदे विकायचा. तो म्हणाला, "सायेब, आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत न्हाय. आमचं व्हिजन तेवढंच."

हेही लिहून घेतलं गेलं.

महिन्याभरात खांदा प्रतिष्ठान स्थापन झालं. प्रत्येक दिवंगतास जागतिक दर्जाचा अंतिम प्रवास, असं ध्येयवाक्य देवळाच्या भिंतीवर रंगवलं. बांबूसाठी एक संचालक नेमला, सुतळीसाठी एक, मडक्यासाठी एक. विसाव्याच्या दगडासाठी सहसंचालक. दत्तोबांना मुख्य मार्गदर्शक केलं, शाल आणि नारळ दिला, आणि त्यांच्याकडचं ज्ञान कागदावर उतरवायला घेतलं.

"गाठ कशी मारता?" सलिल सरांनी विचारलं.

दत्तोबांनी सुतळी घेतली. "अशी घेतली. हिकडनं आणली. आन् मंग असा."

"'असा' म्हणजे कसा?"

"असा."

"शब्दांत सांगा."

"शब्दांत सुटंल ती."

"आपण स्वतः बांधून बघा की," मच्छिंद्र म्हणाला.

"मी प्रक्रिया बघतो, गाठी बघत नाही," सलिल सर म्हणाले. कार्यपद्धती पुस्तिकेत पान एकतीसवर नोंद झाली. गाठ : असा. (तपशील नंतर.)

मग शिबिरं सुरू झाली. पहिल्याच शिबिरात सलिल सरांनी सांगितलं की अनुयायी मागे चालतो, नेता पुढे चालतो. हे पोरांना एकदम पटलं, कारण प्रेतयात्रेत पुढे चालणाऱ्याच्या खांद्यावर काही नसतं. वर्षभरात बोरमळ्यात चौऱ्याऐंशी नेते प्रमाणित झाले. प्रत्येकाला निळं जाकीट मिळालं. त्याच्या पाठीवर लिहिलं होतं : माझ्यामागे या.

दत्तोबांनी एका बैठकीत हात वर केला. "समदं चांगलं हाय. फकस्त उचलणार कोन?"

रविराजनं समजावलं. "काका, उचलणं हे ऑपरेशनल लेव्हलचं काम आहे. ते आपोआप होईल."

"आजवर तर कधी आपोआप झालं न्हाय."

इतिवृत्तात लिहिलं गेलं की मुख्य मार्गदर्शकांचा बदलाला विरोध आहे. वयोमानानुसार हे स्वाभाविक असून त्यांच्याशी सहानुभूतीनं वागावं. त्या दिवसापासून पोरं त्यांच्याशी मोठ्या आवाजात आणि सावकाश बोलू लागली.

प्रतिष्ठानच्या हातून पहिली गेली ती ब्याण्णव वर्षांची मुक्ताई. निळ्या जाकिटांची गर्दी झाली. एकोणीस जण तिरडीच्या पुढे होते आणि कोण किती पुढे यावर धक्काबुक्की चालली होती. वाटेत मिळणारे जुने जोडीदारही जाकीट घालून पुढेच होते. तिरडीखाली मुक्ताईचे दोन मुलगे, मच्छिंद्र आणि दत्तोबा. मुलगे उंच, हे दोघं बुटके. मुक्ताई नाक्यापर्यंत पायाच्या बाजूला घसरत गेली. दत्तोबांची गाठ होती म्हणून राहिली.

त्यानंतर आढावा बैठक झाली. यात्रेला उत्स्फूर्त नेतृत्व लाभल्याबद्दल समाधान व्यक्त झालं. नातेवाइकांचे अभिप्राय उत्तम आले. मृत व्यक्तीकडून अभिप्राय प्राप्त झाला नाही, अशी नोंद झाली. अडचण एकच सापडली, ती नियोजनाची. म्हणून ठराव झाला की यापुढे मृत्यूची सूचना किमान अठ्ठेचाळीस तास आधी, विहित नमुन्यात, प्रतिष्ठानच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर द्यावी.

त्या दिवशी घरी आल्यावर दत्तोबांनी पडवीत शिडी आडवी टाकली आणि प्रेमलाबाईंना हाक मारली.

"अगं, ती वाळवणाची दोरी आन."

"आता काय बांधताय?"

"मी न्हाय. तू बांधायची. बस हितं."

प्रेमलाबाई उभ्याच राहिल्या. "बायका बांधत न्हाईत ती."

"मंग कोन बांधनार? सुतळीचा संचालक?"

त्या बसल्या. दत्तोबांनी त्यांचा हात धरून दोरी फिरवली. पहिल्या दिवशी गाठ सुटली. दुसऱ्या दिवशी बसली ती सुटेचना, शेवटी विळीनं कापली. "पन्नास वर्सं संसार केला," प्रेमलाबाई म्हणाल्या, "कधी साडी आनताना हात धरला न्हाईत, आन् ह्ये शिकवायला बरा धरलात." आठवड्यानं जमली. ओझं म्हणून शिडीवर गव्हाचं पोतं ठेवलं, गाठ आवळली. टोक ओढलं, सुटली.

"आता बरं," दत्तोबा म्हणाले. "आता फकस्त चार खांदे."

ते मात्र त्यांना शिकवता आले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात एका कामाच्या दिवशी, ऐन सकाळी, चहाची बशी खाली ठेवता ठेवता दत्तोबांनी मान टाकली. अठ्ठेचाळीस तासांची सूचना त्यांनीही दिली नव्हती. मुख्य मार्गदर्शकांकडून ही अपेक्षा नव्हती, असं नंतर एका संचालकानं बोलून दाखवलं. भाग्यश्री आणि तिचा नवरा अभिनव मगरपट्ट्याहून वीस मिनिटांत आले. भाग्यश्रीनं रविराजला फोन लावला. तो पानशेतला होता. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी नेते तिथेच होते. बदलाचे शिल्पकार नावाचं निवासी शिबिर होतं.

"मामा, माणसं पाहिजेत. चार."

"ओह. व्हेरी सॅड. तू फॉर्म भरलास का?"

"मामा, आजोबा गेलेत."

"हो गं, पण सिस्टिम त्यांच्यासाठीच तर बसवली ना आपण. बरं, मी पुस्तिका पाठवतो. त्यात सगळं आहे. स्टेप बाय स्टेप."

पुस्तिका आली. अभिनवनं मोबाइलवर पान एकतीस काढून वाचलं. "गाठ, असा."

"सरक," प्रेमलाबाई म्हणाल्या आणि बांबूंपाशी बसल्या. मच्छिंद्रनं तोंड उघडलं, त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि सुतळी पुढे केली.

खांदे तीन भरत होते : मच्छिंद्र, अभिनव आणि मागच्या खोलीत भाड्यानं राहणारा कोंडीराम. हा यवतमाळकडून कारखान्यात कामाला आलेला, रात्रपाळी करून नुकता पडला होता. तो बाहेरचा म्हणून त्याला प्रतिष्ठानच्या ग्रुपवर घेतलं नव्हतं. त्यामुळे आपण नेता आहोत हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आवाज ऐकून तो उठून आला आणि त्यानं विचारलं, "कोणती बाजू धरू जी?"

चौथ्या बाजूला भाग्यश्रीनं ओढणी कमरेला खोचली. उंची कुणाचीच कुणाशी जुळत नव्हती. तिरडी कलली, पण गाठ आवळली.

मडकं धरून पुढे प्रेमलाबाई चालल्या. त्या दिवशी पुढे जागाच जागा होती.

नाक्यापर्यंत पोचेस्तोवर भाग्यश्रीचा फोन कमरेला थरथरत राहिला. ग्रुपवर चारशे बारा माणसं होती. त्यांतल्या चारशे नऊ जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली, हात जोडल्याचं चित्र टाकलं. सलिल सरांनी लिहिलं की एका युगाचा अंत झाला. उरलेले तिघं कोण, याची प्रतिष्ठाननं नंतर चौकशी केली. मच्छिंद्र आणि भाग्यश्रीनं तिरडीखाली असल्यामुळे फोन पाहिला नव्हता; तिसरे दत्तोबा स्वतः होते.

तुम्हीही अशा एखाद्या ग्रुपवर असालच. हात जोडल्याचं चित्र टाकायचं राहिलं असेल तर टाकून घ्या, त्याला वजन नसतं. दत्तोबा मंगळवारी, ११ फेब्रुवारी २०२५ रोजी, सकाळी सव्वानऊ वाजता बोरमळ्यात वारले. सरणावर गाठ एका हिसक्यात सुटली.