मालक जेवला का?

१२ ऑक्टोबर १९९६, शनिवार. फ्रीझर डीफ्रॉस्ट करायला काढला होता. जमिनीवर जुने टॉवेल पसरलेले, मी गुडघ्यांवर बसून लाकडी उलथन्याने बर्फ खरवडत होते, आणि ओट्याला टेकून मेश्राम मला व्हिएतनाममधल्या न्हा ट्रांगला दुपारचं कुठे जेवायचं ते सांगत होते.

"आधी समुद्राकडे पाठ करा, वहिनी. समुद्र पाहायचे पैसे लागत नाहीत, समुद्र पाहत जेवायचे लागतात. पाठ करून दोन गल्ल्या आत जा. अन् मंग काय विचारायचं?"

"मालक जेवला का," मी म्हटलं. लंडनच्या या हाउन्सलोतल्या सगळ्या मराठी घरांना हे उत्तर पाठ आहे.

मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी जेवताना पाहिल्याशिवाय मेश्राम कुठल्याही हॉटेलात घास घेत नाहीत. मेनूकार्ड हातात धरत नाहीत. दारातच विचारतात, मालक जेवतो का, आणि कधी. साडेतीनला जेवतो असं कळलं तर हे साडेतीनला परत येतात, आणि मालकाच्या ताटात असेल तेच मागतात. जो आपल्या हाताचं आपण खात नाही, त्याच्या हाताचं आम्ही काहून खावं, असा त्यांचा सवाल असतो.

सवालात खोट काढता येत नाही, पण तो सवाल सोबत घेऊन बाहेर जेवायला जाता येत नाही. त्यांची मुलगी पल्लवी ग्रॅज्युएट झाली तेव्हा तिने सगळ्यांसाठी इटालियन रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक केलं होतं. मेश्रामांनी मॅनेजरला नेहमीचा प्रश्न विचारला. तो बिचारा खरं बोलला. म्हणाला, मी घरी जाऊन जेवतो, बायको छान करते. मेश्रामांनी कोट उचलला. पल्लवीच्या पदवीचा समारंभ बसस्टॉपवर चिप्स खाऊन साजरा झाला, आणि तो गाऊन घातलेला फोटो अजून त्यांच्या हॉलमध्ये आहे, हातात व्हिनेगरची पुडी.

मेश्राम मूळ नागपूरचे. ब्रॅकनेलच्या एका कॉम्प्युटर कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये सगळी नोकरी झाली. 'चालतंय' असं जो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, याचाच त्यांना पगार मिळायचा. त्यांची बायको शीला वारली, त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीने त्यांना व्हिएतनाममध्ये वुंग ताऊला पाठवलं. समुद्रकाठचं गाव, तिथे तेल कंपन्यांची ऑफिसं. काही महिन्यांसाठी गेले, मुदत वाढवून घेत राहिले, आणि परत आले ते बोलतच आले. बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं की पहिला शब्द धम्मावर असतो आणि दुसरा वुंग ताऊच्या माशावर.

त्यांच्या माहितीत खोट नाही, हेही सांगायला हवं. वुंग ताऊला आपल्या आप्प्यांसारखे छोटे घावन करतात, वर कोलंबी ठेवून, तेही जवळजवळ आपल्याच आप्पेपात्रात, हे मला त्यांच्याकडून कळलं. ते पानात गुंडाळून खायचे. फान थिएतला मातीच्या साच्यातले. न्हा ट्रांगला सकाळी माशाच्या रश्शातल्या शेवया. फक्त पत्ता विचारायची सोय नाही. हॉटेलांची नावं त्यांना ठाऊक नाहीत. निळ्या दाराच्या पुढे जा, स्कूटर दुरुस्तीवाल्याच्या डाव्या हाताला एक म्हातारा झोपलेला असतो, त्याच्यापासून आत वळा. मी विचारलं, तो अजून तिथे झोपलेला असेल कशावरून? तर म्हणाले, "झोपणारा माणूस आहे तो, वहिनी. कुठं जाईल?"

हे सगळं मला ऐकावं लागत होतं, कारण फेब्रुवारीत आम्ही आठजण व्हिएतनामला निघालो होतो. मी हीथ्रोला बॅगेज डेस्कवर आहे, त्यामुळे तिकिटं, हॉटेलं, सगळं माझ्या गळ्यात. आणि त्याच आठवड्यात आठवी जागा रिकामी झाली. बेसिंगस्टोकच्या माझ्या नणंदेला गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. सोमवारपर्यंत एजंटला दुसरं नाव द्यायचं होतं.

ती जागा कोणाला हवी होती ते सगळ्यांना माहीत होतं. मेश्राम रोज येत होते. "मला काही यायचं नाही, माझं पाहून झालंय," हे आल्या आल्या सांगत, आणि मग विचारत, आठवं कोणी मिळालं का. मिळालं नाही म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा आणि ते न्हा ट्रांगच्या आणखी एका गल्लीत शिरायचे. कोणी त्यांना चला म्हणत नव्हतं. आमचे दिलीप तर स्पष्टच म्हणाले होते, कोणीही चालेल, मेश्राम नकोत. त्या उन्हात साडेतीनपर्यंत उपाशी कोण बसणार? आणि बरोबर येणाऱ्या गोडबोल्यांना डायबेटिस. मलाही ते पटलं होतं.

त्या शनिवारी तीन वाजून गेल्यावर मेश्राम एकदम घड्याळ बघून निघाले. काम आहे म्हणाले. चष्मा ओट्यावरच राहिला. चष्म्याशिवाय त्यांना बसचा नंबर दिसत नाही, म्हणून मी हात पुसले, कोट घातला आणि त्यांच्या घरी गेले. दोनच रस्ते पलीकडे.

दार पल्लवीने उघडलं. लीड्सला शिक्षिका आहे, वीकेंडला आली होती. तिचं मराठी इथेच जन्मलेल्या मुलांचं असतं तसं.

"हॅलो आंटी. डॅड नाहीये. साडेतीन वाजला ना, तो त्याच्या फॅमिलीकडे गेला."

मी विचारलं, कुठली फॅमिली.

"बसस्टॉपच्या बाजूची टेकअवे. मी आलं तरी तो तिकडेच जेवतो. म्हणतो, तू डाएटवाली, तुझ्याबरोबर जेवायला बोअरिंग आहे."

ते टेकअवे मला माहीत होतं. पाटीवर चिनी ड्रॅगन, आत चिप्स आणि लालभडक सॉसमधलं चिकन. ते चालवणारे चिनी नसून व्हिएतनामी आहेत, हे मात्र मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. चष्मा घेऊन मी तिकडे गेले, तर दारावर 'क्लोज्ड'ची पाटी उलटलेली होती. काचेतून पाहिलं तर काउंटरच्या मागे एक छोटं टेबल, भोवती मालक, त्याची बायको, त्याची म्हातारी आई, आणि उलट्या ठेवलेल्या क्रेटवर मेश्राम.

मी लगेच दार वाजवलं नाही, कारण मेश्राम गप्प होते. असं दृश्य मी कधी पाहिलं नव्हतं. समोर माशाचं मोठं ताट होतं. म्हातारीने काटे काढून एक तुकडा त्यांच्या वाटीत टाकला. त्यांनी तो खाल्ला. तिने दुसरा उचलला. मेश्रामांनी वाटीवर हात आडवा धरला आणि मान हलवली. पण बोटं उघडी ठेवलेली. आपल्याकडे पंगतीत पुरुष जिलबीला नको म्हणतात तशी. म्हातारीने त्यांचा हात चमच्याने बाजूला सारला आणि तुकडा वाटीत टाकला. पुन्हा हात, पुन्हा मान. पुन्हा तुकडा.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. दार उघडून म्हणाले, "टेस्टिंग चालू आहे, वहिनी."

मी चष्मा दिला. निघणार, तोवर म्हातारीने माझं मनगट धरून मला आत ओढलं. मी एक वाजता व्यवस्थित जेवले होते. मी ते सांगायला लागले, पण तिला इंग्रजी येत नव्हतं आणि ऐकायचंही नव्हतं. माझ्यासमोर वाटी आली, वाटीत मासा आला. चांगला होता. आलं थोडं जास्त.

परतताना मेश्राम बराच वेळ शेवयांच्या जाडीवर बोलले. मी विचारलं, या माणसाला तुम्ही रोज जेवताना पाहता, आता खात्री पटली असेल ना? मग अजून साडेतीनलाच का?

ते थोडं चालले. मग म्हणाले, "मेनूवरचं मागवलं न वहिनी, तर वेटर आणून ठेवतो अन् जातो. मालकाच्या टेबलावर बसलं की कोणी ना कोणी वाटीत टाकते. वुंग ताऊला पहिल्या दिवशी असंच झालं, एका बाईनं न विचारता टाकलं. शीला गेल्यापासून मला 'आणखी घ्या' कोणी म्हटलंच नव्हतं. घरी मी मलाच कसा आग्रह करून राहू?"

कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्यांनी स्वतःला सावरलं. "पण स्वच्छता हा मुद्दा आहेच," असं बजावून ते आपल्या गल्लीत वळले.

रात्री दिलीपना सांगितलं, आठवं नाव मेश्रामांचं घालतेय. त्यांनी साडेतीन, ऊन आणि गोडबोल्यांची साखर हे सगळं पुन्हा मांडलं. मुद्दे बरोबरच होते. मी म्हटलं, साडेतीनचं मी बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एजंटला फोन केला. तो रविवारीही दुकान उघडतो. नाव दिलं, स्पेलिंग दोनदा सांगितलं. मग मेश्रामांना फोन लावला आणि सांगितलं, पासपोर्ट घेऊन दहापर्यंत या, आठवे तुम्ही.

"माझं तर सगळं पाहून झालंय, वहिनी."

"माहीत आहे. एक अट आहे. जेवण एक वाजता. गोडबोल्यांना डायबेटिस आहे."

"एक वाजता तिथला कोणताच मालक जेवत नाही."

"नसू दे जेवत. आम्ही सातजण आहोत ना वाढायला."

मेश्रामांनी विचारलं, विमानात खिडकीची सीट मिळेल का.

मी म्हटलं, मेश्राम, लाड पुरे. आणि एजंटला परत फोन लावला.