मयूरीचा अर्धा बाक

आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली. कोणती वेलांटी पहिली आणि कोणती दुसरी, हे ठरवायला मला अजूनही हात थांबवावा लागतो. अक्षर म्हणाल तर वाळत घातलेल्या शेवयांसारखं, एकात एक गुंतलेलं. पण चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून दुपारी भांडी झाली की लिहिते. कोणी वाचलंच, तर चुका पोटात घाला.

मयूरीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या जानेफळच्या एसटी स्टॅण्डवर बाकावर आडवी पडली होती. भर दुपारी. शिकलेली मुलगी, डोळ्यांवर चष्मा, उशाशी सॅक. भोवती माणसं जमली. कोणी म्हणालं चक्कर आली, कोणी म्हणालं फीट आली. आमच्या शेजारची गोदामाय, कानाने थोडी जड, बाजाराची पिशवी घेऊन तिथेच होती. तिने कांदा फोडला आणि मुलीच्या नाकाला लावला.

मुलीने डोळे उघडले. कांदा बाजूला सारला. उठून खिशातून टेप काढला आणि बाकाची रुंदी मोजली.

"हे कोनासाठी बनवलं?" तिने सगळ्यांना विचारलं.

"बसनाऱ्यासाठी. आनखीन कोनासाठी?" गोदामाय म्हणाली.

"आन् ज्याले इथी रात काढा लागली, तो?"

गोदामायने उरलेला कांदा पिशवीत टाकला. "बरी हाय पोरगी," असं तिने सगळ्यांना सांगितलं, "फक्त डोक्शात थोडं हाय."

त्याच संध्याकाळी ती खोली भाड्याने विचारत आमच्या दारात आली. आमची मागची खोली रिकामीच होती. आमचे हे टेम्पो चालवतात, घरी कमी असतात. ते हो म्हणाले आणि मयूरी राहायला आली.

ती बुलढाण्याची. वडील कचेरीत क्लार्क. अमरावतीला इमारतींचे नकाशे काढायचं शिकत होती आणि शेवटचं वर्ष होतं. त्या वर्षी म्हणे प्रत्येकाला एक पूर्ण इमारत आपल्या मनाने काढावी लागते, लोकांच्या उपयोगाची. तिच्या वर्गात कोणी विमानतळ काढत होतं, कोणी सात मजली दवाखाना. ही जानेफळला आली होती.

बाक दिसला की आडवं व्हायचं, ही तिची सवय काही गेली नाही. बँकेत झोपली, दवाखान्यात झोपली, शाळेच्या व्हरांड्यात झोपली. ग्रामपंचायतीच्या बाकावर झोपली तेव्हा ग्रामसेवकाला वाटलं उपोषण सुरू झालं. त्याने घाबरून सरपंचांना फोन लावला. सरपंच जेवण अर्धं टाकून आले आणि हात जोडून म्हणाले, "ताई, तुमच्या मागन्या काय हायत?"

"बाक रुंद करा," मयूरी म्हणाली.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ती बाकाच्या अगदी कडेला झोपायची, अंग चोरून. अर्धा बाक रिकामा. आमच्या ह्यांना थट्टेची सवय. ते म्हणायचे, "पोरी, बाकीचा अर्धा कोनाले भाड्यानं देल्ला काय?" ती हसायची आणि चष्मा वर सरकवायची.

टेप तर तिच्या हाताचं सहावं बोट होतं. मी पापड लाटत असले की म्हणायची, "काकू, हलू नका," आणि माझा गुडघा जमिनीपासून किती उंच ते मोजायची. गोदामाय ओटा चढायला लागली की तिच्या पावलाचं माप घ्यायची. गोदामाय भडकली.

"माप कशाले घेते व? तिरडी बांधतं काय माही?"

"नाही माय, पायरी बांधतो."

आणि तिचा तो एकच प्रश्न. देवळाचा उंच उंबरा पाहिला, "हे कोनासाठी?" नळाची तोटी पाहिली, "हे कोनासाठी?" एकदा आमच्या स्वयंपाकघरातल्या माळ्याकडे बोट दाखवून तिने ह्यांना विचारलं, "काका, हा माळा कोनासाठी?"

"डब्याइसाठी."

"आन् डबे काढते कोन?"

"तुही काकू."

"स्टुलावर चढून?"

पुढच्या रविवारी टेम्पो न काढता त्यांनी माळा हातभर खाली घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं.

ती काय बांधणार होती, ते तिने मला एका संध्याकाळी पापड उलटताना सांगितलं. ज्या बायकांना माहेर उरलं नाही, त्यांच्यासाठी एक घर. दिवाळीला, उन्हाळ्यात, बाईने तिथे यायचं, चार दिवस राहायचं.

"माहेर म्हंजे काय व काकू?" ती म्हणाली. "जिथी दुपारची झोपली त कोनी उठवत नाही, ते माहेर. तेवढंच बांधाचं हाय."

मला ते फार आवडलं. मी मान हलवली.

पण तिच्या अमरावतीच्या सरांना आवडलं नाही. ती फोन स्पीकरवर ठेवून माझ्या पोळपाटाची उंची मोजत होती, म्हणून मलाही ऐकू आलं. सर म्हणत होते, कल्पना गोड आहे, पण अशा बायका आहेत कुठे? वापरणारी माणसं दाखव, नाहीतर परीक्षक एका प्रश्नात खाली बसवतील. विषय बदल.

परीक्षा महिन्यावर आली होती. आता विषय बदलायचा म्हणजे वर्ष गेलं. आणि एका वर्षाची फी जास्तीची द्यायला वडिलांकडे पैसे नव्हते, हे ती घरी फोनवर बोलायची त्यावरून मला कळलं होतं.

मग तिने मोठी चूक केली. ती घरोघरी जाऊन बायकांना विचारू लागली, "तुम्हाले माहेर हाय काय?"

सांगा, असं कोणी विचारतं? भरल्या घरात बाईला हे विचारणं म्हणजे तिला उघडं पाडणं. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. "हाय न! भरलं माहेर हाय माहं." एकीने दार लावून घेतलं. गोदामाय तर ओट्यावर उभी राहून म्हणाली, "माह्या माहेरी दारात दगडी हौद हाय! गावात कोनाच्या नसन!"

मयूरीने मलाही विचारलं. मी "हाय" म्हटलं आणि कढई काढायला उठले.

मला माहेर नाही. लोणारकडे होतं. आईवडील गेल्यावर भावाने घर विकलं आणि तो सुरतेला गेला. आता त्या जागी खताचं दुकान आहे. गाडी तिथून गेली की मी खिडकीतून दुकानाची पाटी पाहते. हे मी ह्यांनाही कधी बोलून दाखवलेलं नाही.

चार दिवस मयूरी कोणत्याच बाकावर झोपली नाही. पाचव्या दिवशी उठली ती म्हणाली, "काकू, कागदावरचं घर बायाइले दिसत नाही. जमिनीवर काढतो. पुरं, खऱ्या मापाचं."

पाया खणण्याआधी मिस्तरी जमिनीवर चुन्याची पांढरी भुकटी टाकून भिंतींच्या रेषा मारतात, तिला फक्की म्हणतात. तशी फक्की मारायची, बाजाराच्या मोकळ्या मैदानात. सरपंचांनी एका दिवसाची परवानगी दिली. मिस्तरी ठरला. पण तिचे पैसे नकाशांच्या छपाईत संपले होते. मी पापडाचे पैसे काढून दिले.

"फेडीन काकू," ती म्हणाली. "पुरे फेडीन. पन हळूहळू."

सकाळी लवकर फक्की पडली. दार, ओसरी, चूल, न्हाणी, खोल्या, खोल्यांतले बाक. ह्यांनी मैदानाच्या कडेला टेम्पो लावला. आम्ही चहा घेऊन परत येतो तर गोदामाय एका कोपऱ्यात बसलेली. पुढ्यात हळद-कुंकू, हातात नारळ.

मयूरी धावली. "माय, थांबा! हे खरं नाही, नुसतं चित्र हाय!"

"चित्र भितीवर काढतात. भुईवर फक्की मारली म्हंजे पाया," गोदामाय म्हणाली, आणि फाडकन नारळ फोडला. "झालं. आता बांधाच लागते. नाही त जागा रुसते."

सरपंच कपाळाला हात लावून म्हणाले, "अव माय, मी एका दिवसाची परवानगी देल्ली होती!"

"मंग एका दिवसात बांध."

नारळ फुटला म्हणताच बायका गोळा झाल्या. आणि मी पाहिलं, एकही बाई रेषेवर पाय देईना. फक्कीत जिथे दाराची जागा सोडली होती, तिथूनच आत जायच्या. आधी चपला बाहेर काढायच्या. आतही तीच माती आणि बाहेरही तीच, पण दाराशी चपलांची रांग लागली. मग आत भांडण सुरू झालं.

"चूल दारासमोर काऊन? धूर सारा खोलीत जाईन!"

"न्हानीले आडोसा कुठी हाय?"

मयूरीचा चेहरा फुलला. तिने पायाने एक रेष पुसली, नवी मारायला. आतल्या दोघी ओरडल्या, "अव, भीत पाडली व!"

तेवढ्यात एक सून म्हणाली, "घर त मस्त हाय. पन इथी राहीन कोन?"

मयूरी खरं बोलली. "ज्याइले माहेर नाही, त्या."

मग एकेकीला काम आठवलं. कोणाचं दूध उतू जात होतं, कोणाचा नळ सुटला होता. त्या घरात उभं असलेलं कोणी पाहू नये, अशा घाईने सगळ्या दारातून बाहेर निघाल्या. चपलांची रांग गेली. गोदामायही नारळाची भकलं ओच्यात घेऊन लांब जाऊन उभी राहिली.

मयूरी आतल्या शेवटच्या खोलीत एकटी राहिली. मग ती फक्कीने काढलेल्या बाकावर आडवी झाली. कडेला, अंग चोरून, तशीच.

मी चारचौघांत कधी काही केलेलं नाही. लग्नात उखाणासुद्धा मी जावेच्या कानात घेतला होता. पण त्या दिवशी मी चपला काढल्या. दारातून आत गेले. ओसरी ओलांडली, चुलीला वळसा घातला, भिंत होती म्हणून भिंतीच्या कडेने गेले आणि बाकाच्या रिकाम्या अर्ध्यावर आडवी झाले. वर नुसतं ऊन. मी डोळे मिटले.

"माहं माहेर विकल्या गेलं," मी म्हणाले.

एवढ्या हळू म्हणाले की मयूरीलाच ऐकू जावं. पण गोदामायला, जिच्या कानाशी आपण एरवी ओरडतो, तिला ते लांबून ऐकू आलं. ती चपला काढून आली.

"सरका जराशा. माह्या माहेरी आता हौदच राह्यला फक्त. मानूस नाही."

मग पलीकडच्या खोलीत कोणीतरी आलं. मग अजून कोणी. सगळ्या काही बिनमाहेरच्या नव्हत्या, काही नुसत्या सोबतीला आल्या असतील. हे टेम्पोच्या टपावर चढले आणि मयूरीच्या फोनने फोटो काढत ओरडले, "हसा थोड्या!"

"झोपलेल्या बायाइले हसा काय म्हंता? उतरा खाली!" गोदामाय म्हणाली.

संध्याकाळी न्हाणीत पायाची फक्की धुताना मयूरीने सांगितलं. मी विचारलं नव्हतं. तिची आई रोहिणखेडची. लग्न मनाने केलं म्हणून माहेरचं दार बंद झालं. पण दर दिवाळीला शेजारणी विचारायच्या, यंदा माहेरी नाही का? मग आई पिशवी भरायची, छोट्या मयूरीचं बोट धरायची आणि "रोहिणखेडला जाते" म्हणून निघायची. वडील स्टॅण्डवर सोडायला यायचे. जी गाडी लागली असेल तिच्यात दोघी बसायच्या, जिथे कोणी ओळखत नाही अशा गावाला. दोन दिवस काढून परत. एका वर्षी ती गाडी जानेफळची होती.

"बाक लहान होता. मी झोपत होतो, आई रातभर बसून राहे. मी कितीबी अंग चोरलं तरी तिले जागा होत नव्हती," मयूरी म्हणाली आणि पायावर पाणी घेत राहिली. पाय केव्हाच स्वच्छ झाले होते.

परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला, हे घर कोणासाठी? तिने फोटो पुढे ठेवला. कोपऱ्यात ह्यांचा अंगठा आला आहे, पण बायका सगळ्या दिसतात. ती पास झाली. मैदानात मात्र पुन्हा बाजार भरतो. गोदामाय सरपंचांना दिसेल तिथे अडवते, "नारळ फुटला हाय, ध्यानात हाय ना?"

मयूरीला नाशकात नोकरी लागली. पहिला पगार झाल्यावर आमच्या दारात एक बाई उभी राहिली. तोच चष्मा, तशीच अंग चोरून.

"मी मयूरीची आई. पोरीनं पैसे देल्ले तुमच्यासाठी."

एकच नोट होती. मी चहा केला. संध्याकाळची गाडी चुकेल म्हणून ती लवकर निघाली. पुढच्या महिन्यात पुन्हा आली, पुन्हा एक नोट. त्याच्या पुढच्या महिन्यातही.

हे म्हणाले, "पोरगी मोबाईलवरून एका मिनिटात पाठवू शकते. मायले काऊन एसटीचे धक्के देऊन राह्यली?"

मी मयूरीला फोन केला. "पगार कमी हाय काकू, हळूहळूच जमते," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "आई कुठी बसते? ओट्यावर का आत?"

"आत. माह्याजवळ, पापड लाटते."

"चपला?"

"दाराशी काढते."

"बरं," ती म्हणाली.

यंदा भाऊबीजेला आई आली ती पिशवी घेऊन. पहिल्यांदाच. शेवटची नोट माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "आता पुरे फिटले." ह्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि न विचारता मागच्या खोलीत नेऊन ठेवली.

जेवणं झाली. नंतर मयूरीचा फोन आला.

"पैसे भेटले," मी सांगितलं. "पुरे फिटले."

"आई निघाली?"

"नाही. झोपली हाय, दुपारची. मी उठवलं नाही."