भारी केबल आणि मागची खोली

धीरजच्या घरात प्रत्येकाचा एकेक अवयव प्रसिद्ध होता. वडिलांचा, म्हणजे प्रभाकररावांचा, हात. कापूस चिमटीत धरून ते डोळे मिटत आणि धागा लांब की आखूड, ओल आहे की नाही, ते सांगून टाकत. सिंदीच्या बाजारात त्यांच्या चिमटीचा शब्द खाली पडत नसे. आई सुमित्राबाई यांचं नाक. पलीकडच्या गल्लीत कोणाची डाळ करपली, हे त्या आपल्या ओट्यावरून सांगत, आणि वर कोणती डाळ तेही सांगत. बायको रक्षा कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची, तेव्हा डोक्याची जागा लग्नानंतर तिनं घेऊन टाकली. उरले कान. ते धीरजनं स्वतःकडे ठेवले.

“बाकी काही नसू दे,” तो म्हणे, “पण आपला कान म्हणजे कान आहे.”

या बोलण्यामागे जुनं दुखणं होतं. धीरज लहान असताना वडिलांनी त्याच्या दोन्ही हातांत चिमूटभर कापूस देऊन विचारलं होतं, यातला चांगला कोणता? धीरजनं दोन्हीकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, “दोन्ही पांढरे आहेत.” प्रभाकरराव रागावले नाहीत. नुसते हसले. पुढे धीरज वर्ध्याला विम्याच्या कार्यालयात लागला, त्याचं लग्न झालं, डोक्यावरचे केस विरळ झाले, पण ते हसू काही त्याच्या कानातून गेलं नाही.

कानाच्या सेवेसाठी धीरजनं घराची मागची खोली घेतली होती. तिथे एक खुर्ची, एक छोटं यंत्र आणि त्याचे लाडके हेडफोन. या हेडफोनची पाठ बंद नव्हती, जाळीची होती. त्यामुळे आवाज मोकळा राहतो, असं धीरज सांगे. बाहेरचा आवाजही मोकळेपणानं आत येतो, असं रक्षा सांगे. खोलीच्या भिंतीला लागून ओमप्रकाशची पिठाची चक्की होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर कापसाचे भाव पडले. प्रभाकररावांनी दुसऱ्या वेच्याचा कापूस विकायचा नाही, भाव चढेपर्यंत घरातच भरायचा, असं ठरवलं. निम्म्या गावानं तेच ठरवलं होतं. भरायचा कुठे, तर मागच्या खोलीत. धीरज कामावरून आला तेव्हा त्याच्या खोलीत जमिनीपासून आढ्यापर्यंत कापूस होता. खिडकी कापसात बुडाली होती. दारापासून खुर्चीपर्यंत तेवढी एक वाट ठेवली होती, तीही सुमित्राबाईंनी भांडून ठेवायला लावली म्हणून.

धीरज भडकणारच होता, पण नेमकी त्याच दिवशी त्याची केबल आली.

ही साधी केबल नव्हती. चांदीचा मुलामा दिलेल्या तारांची, रक्षाच्या वेणीपेक्षा जाड विणलेली. आली होतीही मखमली डबीत, जणू घरात कोणाचं लग्न ठरलंय. हेडफोनची जुनी काळी केबल काढून धीरजनं ती लावली, कापसाच्या बोळातून खुर्चीपर्यंत गेला आणि नेहमीची बासरी लावली.

बासरीवाल्यानं श्वास घेतला.

धीरज ताठ झाला. गेली कित्येक वर्षं तो ही बासरी ऐकत होता. या माणसाला श्वास घ्यावा लागतो, हे त्याला आज कळलं. मागे तंबोऱ्याची एकेक तार वेगळी वाजत होती, आणि त्या तारांच्याही मागे शांतता होती. गडद, मऊ शांतता.

“जमीन-अस्मानाचा फरक आहे,” रात्रीच्या जेवणाला त्यानं जाहीर केलं.

“कशामुळे?” रक्षानं विचारलं.

“केबलमुळे. दुसरं काय बदललंय घरात?”

रक्षानं वरण वाढता वाढता शांतपणे सांगितलं की तार तांब्याची असो की चांदीची, एवढ्याशा लांबीत माणसाच्या कानाला कळेल असा फरक पडत नाही.

“तुझ्या पुस्तकातल्या माणसाच्या कानाला नसेल पडत,” धीरज म्हणाला. “अन् बाबा, एक बोलू? एवढी भारी केबल लावून मी कापसात घुशीसारखा बसून राह्यलो. तो कापूस काढा ना जी तिथून.”

प्रभाकररावांनी घास संपवला. “फरक समजते म्हणतं ना तू? मंग न पाहता ओळखून दाखव. ओळखलं तं खोली तुझी, कापूस बाहेर. नाई ओळखलं तं कापूस तेथंच राहीन, अन् पुढच्या साली तुरीचे पोतेबी तेथंच.”

“मंजूर,” धीरज म्हणाला.

“नियम मी ठरवते,” रक्षा म्हणाली.

रविवारी सकाळी परीक्षा समोरच्या बैठकीत ठेवली, कारण मागच्या खोलीत चार माणसं मावत नव्हती. रक्षानं काही म्हणता काही सोडलं नाही. धीरजनं भिंतीकडे तोंड करून बसायचं, म्हणजे कोणाचा चेहरा दिसणार नाही. केबलला हात लावायचा नाही, कारण नवी जड आहे. कोणती लावायची ते नाणं उडवून ठरणार. आणि केबल बदलायची ती प्रभाकररावांच्या दुपट्ट्याखाली. बाजारात पूर्वी दलाल आणि घेणारा दुपट्ट्याखाली बोटं धरून भाव ठरवत, बाजूच्याला पत्ता लागत नसे. त्या कामात आयुष्य गेल्यामुळे प्रभाकररावांची बोटं कापडाखाली उघड्यापेक्षा चांगली चालत. दुपट्टा धीरजच्या मानेवरून खांद्यांवर पसरला गेला.

“दाढी करायले बसल्यासारखा दिसतं रे,” सुमित्राबाई म्हणाल्या.

“आई, तुम्ही बोलायचं नाही,” रक्षा म्हणाली. “कोणीच बोलायचं नाही.”

बासरी सुरू झाली. बासरीवाला श्वास घेत नव्हता. रस्त्यावरची मोटरसायकल गेली, भाजीवाला ओरडत गेला, आणि तंबोरा त्या गोंगाटात कुठेतरी कण्हत होता. दुपट्ट्याखाली केबल बदलली. पुन्हा तेच. चांदी कोणती आणि तांबं कोणतं? दोन्ही पांढरे. वडिलांचं ते हसू त्याला पाठीमागून येताना जाणवलं.

तेवढ्यात बांगड्या वाजल्या.

आता सुमित्राबाई नवीन सून म्हणून या घरात आल्या, तेव्हा सासऱ्यासमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. नवऱ्याला चहाला बोलवायचं, तर दाराआडून बांगड्या वाजवायच्या. पैपाहुणा आला, एक प्रकार. पोरगा रडतोय, दुसरा. घरात अर्धा संसार बांगड्यांवर झाला होता, आणि धीरज त्या आवाजात वाढला होता. हा जो आवाज आत्ता आला, तो “हो, हेच” असा होता. त्यात शंकेला जागाच नव्हती.

“ही नवी,” धीरज म्हणाला.

“बरोबर,” रक्षा म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य होतं.

पुढच्या वेळी बांगड्या वाजल्या नाहीत. “ही जुनी.” बरोबर. मग वाजल्या. “नवी.” बरोबर. धीरजच्या मनानं एकदा टोचलं. पण तुरीची पोती डोळ्यांसमोर आली आणि मन गप्प झालं. रक्षानं डोळे, हात, वजन, नशीब, सगळ्याचा बंदोबस्त केला होता. सासू तेवढी मोजायची राहिली होती.

परीक्षा संपली तेव्हा प्रभाकरराव उठले आणि त्यांनी दुपट्टा झटकून मुलाच्या खांद्यावर टाकला. “कान आहे पोराचा,” ते म्हणाले. “माझा हात, तसा याचा कान.”

या एका वाक्यासाठी धीरज जन्मभर थांबला होता. ते मिळालं आणि त्याला घाम फुटला.

प्रभाकरराव शब्दाचे पक्के. दुपारपर्यंत सगळा कापूस मागच्या खोलीतून निघाला आणि दुसरी जागा नसल्यामुळे बैठकीत आला. सोफा त्याखाली गाडला गेला.

“आता पाहुणे आले तं बसवायचे कोठं? कापसावर?” सुमित्राबाई म्हणाल्या. मग त्यांना आठवलं की हे आपल्याच बांगड्यांचं फळ आहे, आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

धीरजनं रिकाम्या, झाडलेल्या खोलीत खुर्ची मधोमध मांडली, केबल लावली, बासरी लावली.

चक्की ऐकू आली.

फक्त चक्की. तिच्या पट्ट्याची फडफड, दगडांची घरघर, आणि ओमप्रकाशचं “ज्वारी किसकी है, ज्वारी?” बासरी होती, पण ती आता चक्कीत दळायला टाकल्यासारखी वाटत होती. धीरजनं केबल उलटी करून लावली. टोकं रुमालानं पुसली. केबल अंगवळणी पडायला वेळ लागतो, असं कुठंतरी वाचलेलं आठवून ती रिकाम्या खोलीत दिवसभर वाजत ठेवली. काही नाही.

इकडे प्रभाकरराव बाजारात बसून मुलाच्या कानाची कीर्ती पसरवत होते. ती भिंतीपलीकडे पोहोचायला वेळ लागला नाही. ओमप्रकाश दारात आला.

“धीरजभाऊ, जरा आओ ना. चक्की कैसा तो बी आवाज करून राह्यली. तुमचे बाबा बोले, धीरजले ऐकव, तो बसल्या जागी सांगन.”

“अरे, माझा कान संगीताचा आहे, चक्कीचा नाही.”

“जायजो ना,” मागून प्रभाकरराव म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की धीरज गेला. चक्कीजवळ उभं राहून त्यानं मान तिरकी केली, डोळे मिटले, अगदी वडील कापसाला मिटत तसे, आणि म्हणाला, “बेअरिंग.” यंत्राचा तेवढाच एक भाग त्याला नावानं माहीत होता.

ओमप्रकाशनं हात जोडले आणि चक्की उघडून टाकली.

त्या संध्याकाळी धीरज खोलीत बसला, आणि बासरीवाल्यानं श्वास घेतला.

“रक्षा!” तो ओरडला. “रक्षा, ये, केबल बसली. पडली अंगवळणी.”

रक्षा आली. तिनं त्याच्या आनंदी चेहऱ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग हेडफोन त्याच्या डोक्यावरून काढून ती मागे वळली आणि क्षणभरानं तिनं ते पुन्हा त्याला घातले. “आता?”

“तेच. श्वास, तंबोरा, सगळं. अगदी तेच.”

“ही जुनी केबल आहे,” रक्षा म्हणाली. “अहो, चक्की बंद आहे.”

 रक्षाला धीरजला समजावून सांगावं लागलं नाही. केबल आली त्याच दिवशी कापूस आला होता. कापूस भिंतीला लागला, खिडकी बुडाली, चक्की गेली, शांतता आली. आणि त्यानं ती शांतता स्वतःच्या तोंडानं खोलीबाहेर काढली होती.

“पण मग बैठकीत ओळखलं कसं तुम्ही?” रक्षानं विचारलं. “दरवेळी बरोबर. मी तेव्हापासून विचार करून राहिले.”

धीरजनं हेडफोनच्या जाळीवर नखानं टिचकी मारली. “या पाठीतून सगळं आत येतं, तूच म्हणते ना? आईच्या बांगड्याही येतात.”

रक्षानं कपाळाला हात लावला, मग हसू आलं म्हणून तोच हात तोंडावर नेला. “बाबांना सांगणार?”

सांगितल्याशिवाय कापूस परत मिळणार नव्हता, आणि सांगितलं तर कान जाणार होता. दुसऱ्या दिवशी ओमप्रकाशची चक्की सुरू झाली. बेअरिंग ठणठणीत निघालं होतं, सैल पट्टा मात्र उघडल्यावर सापडला, तेव्हा तो धीरजचे आभार मानून पीठ देऊन गेला. ते पीठ हातात घेऊनच धीरज बैठकीत गेला.

प्रभाकरराव कापसात खड्डा करून आडवे झाले होते.

“बाबा, एक सांगायचं होतं. मले काही ओळखू आलं नव्हतं. मले आईनं...”

“बांगड्या,” प्रभाकरराव डोळे न उघडता म्हणाले.

धीरजच्या हातातलं पीठ सांडलं.

“तिच्या बांगड्या तुझ्या आधीपासून ऐकून राह्यलो मी. तुले वाटलं, मले नाई समजल्या?”

“मग तुम्ही सगळ्यांपाशी माझ्या कानाचं कौतुक काऊन केलं?”

“पाठीमागून आईची एक बांगडी ओळखली तू. कान नाई तं काय आहे थो?” प्रभाकरराव कुशीवर वळले. “आता झोपू दे.”

“कापूस परत मागच्या खोलीत ठेवू का मग?”

“भाव चढला. उद्या गाडी येते.”

कापूस गेला. पुन्हा बैठकीत सोफा दिसू लागला, पण मागच्या खोलीत चक्की ऐकून धीरजचा चेहरा पडला. शेवटी सुमित्राबाईंनाच राहवलं नाही. “कापूसच पाह्यजे ना पोराले?” म्हणत त्यांनी घरातल्या सगळ्या गाद्या, रजया, लोड, माहेरहून आलेली जाड वाकळ, सारं मागच्या खोलीत नेलं. भिंतीला गाद्या उभ्या केल्या, खिडकीत रजया कोंबल्या, जमिनीवर उरलेल्या अंथरल्या. रक्षानं टाळी वाजवून पाहिली. टाळी वाजली तिथंच विरली. “जमलं,” ती म्हणाली.

रविवारी दुपारी जेवणानंतर धीरज खुर्चीत बसला. चक्की नव्हती, रस्ता नव्हता. त्यानं केबल लावली. कोणती, ते पाहिलं नाही. डोळे मिटले आणि वाट पाहू लागला.

श्वास आला. लांब, खोल, त्याला बारीकशी शिट्टी, मग मध्ये एक अडखळण. इतका स्पष्ट श्वास त्यानं आजवर कधीच ऐकला नव्हता. बासरी मात्र वाजेना. धीरजनं डोळे उघडले. बासरी लावायचीच राहिली होती.

घरातल्या सगळ्या गाद्या इथे होत्या, तेव्हा दुपारी आडवं व्हायचं तर घरच्यांनाही दुसरी जागा नव्हती. खुर्चीच्या डाव्या बाजूला प्रभाकरराव होते, उजव्या बाजूला सुमित्राबाई, आणि वह्या तपासायला म्हणून आलेली रक्षा त्याच उशाशी घेऊन झोपली होती. धीरजनं पुन्हा डोळे मिटले. घोरण्याचे तिन्ही सूर अगदी वेगवेगळे ओळखू येत होते.