पोच क्रमांक एक

ज्या अर्जाची पोच मिळाली तो अर्धा मार्गी लागला, आणि पोच शिक्क्यासह मिळाली तर उरलेल्या अर्ध्याची घाई नसते, हे मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

लोह्याकडच्या एका ग्रामसुविधा कक्षाची वेबसाइट मात्र या सत्याला जागत नव्हती. तक्रारीचं बटण दाबलं तरी ते ढिम्म हलायचं नाही. (शिपायाला काही विचारलं तर तो निदान मान तरी हलवतो.) म्हणून कक्षप्रमुख सुदर्शनरावांनी नांदेडहून लुंबिनीला बोलावलं. वेबसाइटी बनवणारी हुशार मुलगी, त्यात तिच्या आत्याचं गाव याच भागातलं, त्यामुळं ती कामात जीव ओतणार हे ठरलेलंच होतं.

"म्याडम, बटन दाबलं की कायतरी हललं पाहिजे," साहेब म्हणाले.

लुंबिनीनं एक हलकंसं फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटीचा आयता सांगाडा, निवडलं. (मोठं आणणं म्हणजे कपभर चहासाठी आचारी बोलावणं.) हे इतकं हलकं, की पानातच चार शब्द लिहायचे आणि मेलेलं बटण उठून बसतं. तिनं नमुना करून दाखवला. बटण दाबलं की चक्र फिरायचं, मग हिरवी खूण, आणि खाली 'आपली तक्रार प्राप्त झाली. पोच क्रमांक १.' चक्र अर्ध्या सेकंदात थांबायचं. साहेबांनी ते पाच सेकंद फिरवायला लावलं. सरकारी काम इतक्या लवकर झालं तर लोकांना संशय येतो.

"साहेब, हा नुसता नमुना हाय," लुंबिनीनं बजावलं. "तक्रार या पानाच्या भाईर कुठंच जात न्हाई. ती साठवायचं काम दुसऱ्या टप्प्यात करावं लागंल."

"हाव, करू की," साहेब म्हणाले, आणि सोमवारी नारळ फोडून नमुन्याचंच उद्घाटन झालं.

पहिल्या महिन्याचे आकडे असे: पानाला भेटी ४,३१२. कक्षापर्यंत पोचलेल्या तक्रारी शून्य, म्हणून प्रलंबितही शून्य. सबब, सुटलेल्या तक्रारी ४,३१२. शिवाय पान उघडलं की क्रमांक दर वेळी नव्यानं एकपासून सुरू होत असल्यानं तालुक्यात प्रत्येकाचा नंबर पहिला आला आणि वशिल्याची कुजबुज कायमची मिटली. कागदी अर्ज बाजाप्ता बंद झाले. दुसऱ्या टप्प्याच्या दरखास्तीवर साहेबांनी शेरा मारला, 'तक्रारीच नसताना त्या साठवण्यास जागा कशाला? नामंजूर.' या तर्कात बोट ठेवायला जागा नाही, हे मान्य करावंच लागतं.

मग आत्याचा, म्हणजे पंचशीलाबाईंचा, फोन आला. वस्तीवरच्या हापशाचा दांडा मोडून वीस दिवस झाले होते, आणि आत्या दुखऱ्या गुडघ्यांनी दोन किलोमीटरवरच्या विहिरीचं पाणी आणत होती.

"आत्या, तक्रार केलीस का?"

"सातदा केली की. सातीबी खेपा माझा नंबर पहिला. झेरॉक्सवाल्याकडून पोचा छापून आणल्या, प्लास्टिकात घालून ठिवून राहिले."

"आत्या, ते बटन नुसतं हलतंय गं. पुढं कायबी गेलं न्हाई."

"आसं कसं? हिरवं झालं की. वस्तीवर सगळ्यायला मीच सांगितलं, माझ्या भाचीनं बनवलंय म्हणून. मग कुणी दुसरीकडं गेलंच न्हाई."

लुंबिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ती हातानं लिहिलेला अर्ज घेऊन साहेबांपुढं उभी राहिली.

"कागद घेत न्हाई आता आपण," साहेब मायेनं म्हणाले. "साइटवर टाका. तुमाला काय सांगावं म्याडम, तुमचीच साइट."

ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली. मोबाइल काढला, आणि मोडका हापसा, आत्याचे गुडघे, साहेबांचा शेरा, सगळं स्वतःच्याच फॉर्मात लिहून बटण दाबलं. चक्र पाच सेकंद फिरलं. हिरवी खूण आली. पोच क्रमांक १. आणि शरमेची गोष्ट अशी, की तिला जरा बरं वाटलं. आत्या अजून विहिरीवरूनच पाणी आणते.

लुंबिनीला हसायचं कारण नाही. मागच्या महिन्यात तुमच्या गल्लीतल्या उघड्या गटाराचा फोटो तुम्ही ग्रुपवर टाकला होता. बारा जणांनी अंगठे टाकले, एकानं हात जोडले, आणि तुम्ही समाधानानं जेवायला बसलात. गटार अजून उघडंच आहे.